पेडल घट्ट झालं की लगेच बूस्टरवर खापर नको

प्रश्न थोडक्यात असा: २००४ ची पेट्रोल वॅगन-आर आहे, गाडी नागपुरातच फिरते. काही महिन्यांपासून ब्रेकचं पेडल घट्ट लागतंय. सिग्नलला पेडल दाबून धरलं की पायाशी हवा सुटल्यासारखा आवाज येतो आणि इंजिन थरथरतं. मेकॅनिकने बॉनेटमध्ये डोकावून ‘बूस्टर गेला’, म्हणजे ब्रेकला पायाचा जोर वाढवून देणारा डबा बिघडला, असं सांगितलं. तो खरंच गेलाय का, जुन्या बाजारातला चालेल का, आणि हे काम घरी करता येईल का?

भाऊ, आवाज आणि थरथर दोन्ही एकत्र म्हटल्यावर माझाही पहिला संशय बूस्टरवरच जातो. पण नुसत्या संशयावर मी कोणाचा बूस्टर खोलत नाही. उमरेड रोडच्या आमच्या गॅरेजमध्ये ‘बूस्टर नवा टाकला तरी पेडल तसंच’ म्हणत येणाऱ्या गाड्या नेहमीच्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांचा जुना बूस्टर चांगला असतो. बूस्टरला चालवणारा व्हॅक्यूम, म्हणजे इंजिनने हवा ओढून केलेली पोकळी, मरत असतो दुसरीकडेच, आणि ती जागा कोणी बघितलेली नसते.

आधी बूस्टर काम कसा करतो ते दोन मिनिटांत समजून घ्या, म्हणजे पुढच्या चाचण्या पाठ कराव्या लागणार नाहीत. तो काळा गोल डबा म्हणजे दोन खोल्या, मध्ये रबरी डायफ्रॅम, म्हणजे पडदा. पाय पेडलवर नसतो तेव्हा दोन्ही खोल्यांत सारखाच व्हॅक्यूम असतो, त्यामुळे डायफ्रॅम जागच्या जागी. पेडल दाबलं की आतला व्हॉल्व्ह आधी दोन खोल्यांमधला रस्ता बंद करतो आणि मग पेडलच्या बाजूच्या खोलीत बाहेरची हवा सोडतो. एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम. डायफ्रॅम पुढे ढकलला जातो आणि मास्टर सिलिंडरचा, म्हणजे ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या पंपाचा, पिस्टन दाबतो. आकड्यात सांगायचं तर पेट्रोल इंजिन आयडलिंगला असताना मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत, पाऱ्याचा ४५० ते ५०० मिलिमीटर व्हॅक्यूम मिळतो. आठ इंची डायफ्रॅमचं क्षेत्रफळ सुमारे ३२४ चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला तर दोनशे किलोच्या आसपास जोर निघतो. हा जोर गेला की राहतो फक्त तुमचा पाय. ब्रेक तेव्हाही लागतो, कारण ऑइलची लाइन शाबूत असते. पण लागायला हवा तिथे लागत नाही.

आता तुमच्या आवाजाकडे. पेडल दाबताना क्षणभर ‘फुस्स’ झालं तर ती आत जाणारी हवा आहे, त्यात काही बिघाड नाही. जुन्या गाडीत पायाशी असलेला फोमचा फिल्टर झिजला की तेवढा आवाज जास्त ऐकू येतो, बस. पाय धरून ठेवला तरी आवाज थांबतच नसेल तर मात्र हवा सतत कुठूनतरी इंजिनकडे ओढली जातेय. इथे एक बारीक गोष्ट आहे, ती बरेच जण चुकवतात. डायफ्रॅम फाटलेला असला तरी पाय वर असताना आवाज येणार नाही, कारण तेव्हा दोन्ही खोल्यांत व्हॅक्यूमच आहे, फाटक्या जागेतून जायला हवाच नाही. पाय दाबला की मागच्या खोलीत हवा आली, ती फाटक्या भागातून पुढे आणि तिथून मॅनिफोल्डमध्ये. इंजिनला हिशोबाबाहेरची हवा मिळाली की आयडलिंग बिघडतं. तेव्हा ‘फक्त पाय दाबून धरल्यावर आवाज आणि थरथर’ याचा अर्थ डायफ्रॅम किंवा आतल्या व्हॉल्व्हची सीट. आणि ‘पाय न लावताही बारीक सूं सूं’ असेल तर डब्याचा जोड, मागच्या नळीचं सील, नाहीतर मास्टर आणि बूस्टरच्या मधली रबरी रिंग. तुमचं पहिल्या प्रकारात बसतंय.

तरी चाचण्या करा. पैसे लागत नाहीत.

इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारा, घट्ट होईपर्यंत. मग पाय तसाच दाबून ठेवून चावी फिरवा. इंजिन चालू होताच पेडल पायाखाली थोडं खाली बसलं पाहिजे. अजिबात बसलं नाही तर मदत मिळत नाहीये. ती बूस्टरमुळे की व्हॅक्यूम पोचतच नाही म्हणून, हे अजून ठरलेलं नाही.

दुसरी: इंजिन एक-दोन मिनिटं चालवून बंद करा. आता सावकाश पेडल मारा. पहिल्यांदा ते खोल जाईल, दुसऱ्यांदा कमी, तिसऱ्यांदा त्याहून कमी. हा साठवलेला व्हॅक्यूम. पहिल्याच दाबाला पेडल घट्ट लागलं तर साठा टिकत नाही. रात्रभर उभ्या असलेल्या जुन्या गाडीत सकाळी हे झालं तर मी मनावर घेत नाही. इंजिन बंद केल्यावर मिनिटाभरात झालं तर घेतो.

तिसरी तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. इंजिन चालू असताना पेडल दाबून धरा, पाय न हलवता इंजिन बंद करा आणि अर्धा मिनिट थांबा. पेडल जागचं हलायला नको. ते पायाला हळूहळू वर ढकलू लागलं तर दाबलेल्या अवस्थेत गळती आहे. उलट पेडल खाली खाली जात असेल, तर बूस्टर विसरा. ते मास्टर सिलिंडरचं किंवा ऑइल गळतीचं प्रकरण आहे आणि त्या गाडीने घरी परत जायचंही नाही.

पेडल लिबलिबीत लागणं, दोनदा मारल्यावर वर येणं, हेही बूस्टरचं काम नाही. ती लाइनमधली हवा, किंवा मागच्या ब्रेकचे लायनर खूप सैल.

आता तो डबा सोडून बाकीच्या गोष्टी. मॅनिफोल्डपासून बूस्टरपर्यंत जाड रबरी पाइप येतो. नागपूरचा मे महिना, बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त; वीस वर्षांत त्या रबराचं काय होत असेल बघा. मधला भाग धडधाकट दिसतो. क्लिप मागे सरकवा आणि पाइपचं टोक उजेडात वाकवून बघा. क्लिपखालीच लांब उभ्या चिरा सापडतात, नखाने उघडता येतील इतक्या. कधी पाइप बाहेरून ठीक पण आतला थर सुटून रस्ता अडवतो. इंजिन चालू असताना हाताने दाबून बघितलं तर तिथे तो पिचलेला लागतो. तेव्हा एसी लावून ट्रॅफिकमध्ये दोन-तीन ब्रेक लागोपाठ मारले की पेडल घट्ट होतं आणि मोकळ्या रस्त्यावर पुन्हा बरं वाटतं. बदलताना पेट्रोलचा किंवा पाण्याचा साधा पाइप कापून लावू नका, व्हॅक्यूमने तो चपटा होतो. व्हॅक्यूमचा पाइप म्हणून मिळतो तोच घ्या.

पाइपच्या टोकाला, काही गाड्यांत पाइपच्याच पोटात, वन-वे व्हॉल्व्ह असतो. इंजिन बंद करून पाचेक मिनिटांनी तो बूस्टरमधून हलकेच उपटा. मोठा ‘फुस्स’ आला तर व्हॉल्व्ह आणि डबा दोघांनी व्हॅक्यूम धरला होता. आवाजच नाही आला तर व्हॉल्व्ह पुसून तोंडाने तपासा: बूस्टरच्या बाजूने फुंकलं तर हवा गेली पाहिजे, इंजिनच्या बाजूने फुंकलं तर अडली पाहिजे. दोन्हीकडून जात असेल तर तो टाका आणि त्याच्या बुडाशी असलेलं रबरी ग्रोमेटही सोबतच बदला. बूस्टरच्या तुलनेत हा भाग किरकोळ पैशाचा आहे, आणि नेमका तोच कोणी तपासत नाही.

शेवटचा निवाडा असा करा. इंजिन आयडलिंगला, कोणालातरी पेडल दाबून धरायला सांगा. थरथर सुरू झाली की व्हॅक्यूमच्या पाइपला कापड गुंडाळून चिमट्याने तो पूर्ण दाबा. इंजिन लगेच शांत झालं तर गळती चिमट्याच्या पुढे, म्हणजे बूस्टरच्या बाजूला आहे. फरक नाही पडला तर इंजिनची थरथर वेगळी आहे, ती ट्यूनिंगमध्ये शोधा. पाइप कडक झालेला असेल तर चिमटा लावू नका, तडकेल. उपटून मॅनिफोल्डचं तोंड बुचाने बंद करा.

गाडी डिझेल असती तर उत्तर इथे वळलं असतं. डिझेलला मॅनिफोल्डमध्ये कामाचा व्हॅक्यूम नसतो म्हणून वेगळा पंप असतो, बऱ्याच जुन्या गाड्यांत आल्टरनेटरच्या पाठीला. त्याच्या पात्या झिजल्या की आयडलिंगला पेडल घट्ट आणि रेस दिली की नरम. आमच्याकडे अशी एक डिझेल आली होती, बूस्टर दुसऱ्या ठिकाणी नवा टाकलेला. व्हॅक्यूमचा पाइप काढला तर आतून इंजिन ऑइलचा ओघळ. पंपाचं ऑइल पाइपमधून बूस्टरपर्यंत पोचलं होतं. पंप दुरुस्त न करता तिसरा बूस्टर टाकला असता तर त्याचंही रबर ऑइलने फुगलं असतं.

पेट्रोल गाडीत हाच खेळ ब्रेक ऑइल करतं, आणि तुमच्या गाडीत मला सगळ्यात जास्त शंका इथे आहे. मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलं की ऑइल बाहेर जमिनीवर पडत नाही, सरळ बूस्टरच्या पोटात जातं. टाकीतली पातळी उतरते, चाकांपाशी ओल नाही, गाडीमालक म्हणतो ‘गळत तर कुठेच नाही’. मास्टर जिथे बूस्टरला चिकटतो त्याच्या खाली बोट फिरवा. रंग फुगून सोलला असेल, बोटाला ओलं लागलं तर समजा. मास्टरचे दोन नट काढून तो बोटभर पुढे ओढला आणि मागचं तोंड ओलं निघालं, की मग शंका उरत नाही. अशा वेळी फक्त बूस्टर टाकणं म्हणजे काही महिन्यांनी हेच काम परत. मास्टर आणि बूस्टर दोन्ही बदला. गिऱ्हाईक कुरकुरतं, पण मी मास्टर जुनाच ठेवून नवा बूस्टर बसवत नाही.

पेडल घट्ट असूनही वरच्या सगळ्या चाचण्यांत गाडी पास झाली, तर मग चाकांकडे या: जळून काच झालेले पॅड, पॅड दाबणारा कॅलिपर अडकलेला, आतून फुगलेला चाकाजवळचा रबरी पाइप.

जुन्या बाजारातल्या बूस्टरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. तुमचं रबर वीस वर्षांचं झालं म्हणून बदलताय, आणि आणणार दुसऱ्या गाडीचं तेवढ्याच वयाचं? डबा खोलून रबर बदलून देणारेही भेटतील. कारच्या बूस्टरचा पत्रा कारखान्यात दुमडून बंद केलेला असतो आणि आत जोरदार स्प्रिंग असते; हातोडीने परत दुमडलेल्या कडेवर मी ब्रेकचा भरवसा ठेवत नाही. नवा मिळतच नसेल, अशी फारच जुनी गाडी असेल, तर निदान हातपंपाने ५०० मिलिमीटर व्हॅक्यूम ओढून अर्धा मिनिट काटा स्थिर राहतो का ते दुकानातच बघून घ्या. नवा घेतानाही जुना डबा सोबत न्या. डब्याचा व्यास, मागच्या चार बोल्टमधलं अंतर, रॉडची लांबी आणि व्हॉल्व्हचं तोंड कोणत्या बाजूला आहे, हे एकाच मॉडेलच्या दोन सालांत वेगळं असू शकतं. चेसिस नंबर सांगितला तर दुकानदाराला सोपं जातं.

आता बसवण्याचं काम. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. टाकीतलं ऑइल सिरिंजने ओढून घ्या. मास्टरचे पाइप सोडायचे असतील तर पाइपच्या नटाचा खास पाना वापरा. साध्या पान्याने नटाचे कोपरे गोल होतात आणि एका दुपारचं काम दोन दिवसांवर जातं. जुन्या मारुती गाड्यांत पाइपचे नट १० नंबरचे, मास्टरचे आणि बूस्टरचे बहुधा १२. काही गाड्यांत पाइप न सोडता मास्टर तसाच बाजूला सरकतो, पण पाइप पिळला जाणार नाही एवढी जागा असेल तरच. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता.

खरी कसरत डॅशबोर्डखाली आहे. सीट पूर्ण मागे, पाठीवर झोपून डोकं पेडलपाशी, हातात टॉर्च. पेडलला जिथे रॉड जोडलाय तिथली कॉटर पिन काढा, मग मोठी पिन बाहेर. तिथून वर चार नट, त्यातले वरचे दोन डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांनी शोधावे लागतात. एक्स्टेन्शन आणि डोकं फिरणारा गोटी पाना असल्याशिवाय हात घालू नका. नट निघाले की डबा इंजिनच्या बाजूने बाहेर येतो. जुन्या रॉडवर पेडलला जोडणारं दुबेळक्यासारखं टोक किती आट्यांवर होतं ते मोजून नव्यावर तेवढंच ठेवा, नाहीतर पेडलची उंची बदलते आणि ब्रेक लाइटचा स्विच एकतर सतत पेटता राहतो किंवा पेटतच नाही.

नवीन डबा बसवताना मागचं पॅकिंग नवं. मास्टरच्या तोंडावरची रबरी रिंग नवी. ही रिंग विसरली की नवा बूस्टर पहिल्या दिवसापासून सूं सूं करतो आणि दोष कंपनीला लागतो.

आणि आता ज्या गोष्टीसाठी एवढं लिहितोय ती: बूस्टरच्या पुढच्या रॉडची लांबी. बूस्टरच्या समोरून बाहेर आलेला रॉड मास्टरच्या पिस्टनला जेमतेम टेकेल-न टेकेल असा हवा, फट मिलिमीटरच्याही आत. आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच धरा. रॉड आखूड राहिला तर पेडल जास्त खाली जाईल, एवढंच. लांब राहिला तर पिस्टन कायम किंचित दाबलेला राहतो आणि टाकीकडे ऑइल परत जायचं बारीक छिद्र झाकलं जातं. गाडी घरून निघते तेव्हा सगळं ठीक असतं. पाच-सहा किलोमीटरनंतर ऑइल तापून फुगतं, त्याला परत जायला वाट नसते, आणि ब्रेक आपोआप लागायला लागतात. वर्धा रोडवर भर दुपारी चारही चाकं जाम होऊन उभी राहिलेली गाडी अशीच असते. तपासायला मुलांच्या खेळण्याची माती घ्या. तिची छोटी गोळी रॉडच्या टोकावर चिकटवा, मास्टर रिंगसकट नीट बसवून नट आवळा, परत काढा आणि माती किती चपटी झाली ते व्हर्नियरने मोजा. माती उरलीच नाही, धातूचा ठसा दिसला, तर रॉड लांब आहे. टोकाचा स्क्रू फिरवून कमी करा. डब्यातून काढलेला नवा बूस्टर कारखान्यातून सेट होऊनच आलाय, असं गृहीत धरू नका.

मग लाइनमधली एअर काढायची. झाकणावर लिहिलंय त्याच ग्रेडचं ऑइल, सीलबंद डब्यातलं. अर्धा वापरून पावसाळाभर ठेवलेला डबा फेकून द्या. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि मग लवकर उकळतं. कोरडं डॉट ३ निदान २०५ डिग्रीपर्यंत टिकतं, पाणी धरलेलं १४० पर्यंतच. चाकांचा क्रम मॅन्युअलप्रमाणे, टाकी मध्येच रिकामी होऊ द्यायची नाही, इंजिन बंद. पेडल मारणाऱ्याने आरामात दाबायचं, धपाधप नाही.

पहिली चाचणी मिहानच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर, सकाळी. आधी उभ्या गाडीत वरच्या तिन्ही चाचण्या परत, मग हळू वेगात ब्रेक, मग सात-आठ किलोमीटर फेरी. थांबल्यावर रिमजवळ हात न लावता धरा. पुढची चाकं थोडी गरम असणारच. पण हात धरवत नाही इतकी झळ असेल किंवा जॅकवर चाक हाताने फिरत नसेल, तर मास्टरचे दोन नट जरासे ढिले करा. चाक लगेच मोकळं झालं तर रॉड लांब आहे. नाही झालं आणि चाकाचं निप्पल (एअर काढायचा स्क्रू) उघडल्यावर मोकळं झालं, तर दोष पुढच्या लाइनमध्ये. निप्पल उघडूनही जाम असेल तर कॅलिपर.

तुम्ही घरी करावं का? पाइप, व्हॉल्व्ह, ग्रोमेट आणि सगळ्या चाचण्या बिनधास्त करा. बूस्टर आणि मास्टर मात्र ज्याने आधी ब्रेकची लाइन खोललेली आहे अशा माणसाला शेजारी घेऊनच, नाहीतर गॅरेजला द्या आणि माती लावून रॉड मोजतात का ते उभं राहून बघा. नाही मोजत म्हणाले तर गाडी दुसरीकडे न्या.

दरम्यान गाडी चालवावीच लागली तर गावातल्या गावात, कमी वेगाने. आणि परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाऊन घाट उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणारे अजून भेटतात, तसलं काही चांगल्या बूस्टरच्या गाडीतही करू नका. साठ्यातला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, घाट संपत नाही.

काम झाल्यावर आठवड्याने टाकीतली पातळी बघा, खूण करून ठेवा, महिन्याने परत बघा. पातळी उतरलेली असेल आणि चाकांपाशी कुठेच ओल नसेल, तर ऑइल वरून भरून गप्प बसू नका. नवा असला तरी मास्टर पुढे ओढून त्याची पाठ कोरडी आहे का ते तपासा.